कमलाचं उदाहरण

मेघाला माहेरी येऊन सात महिने झाले, तेव्हा तिचा बाप धम्मदीप याने ठरवलं की आता आपल्या बाबांनीच, नानाजी गुरुजींनी, तिच्याशी बोलावं.

हे आधीच व्हायला हवं होतं असं अल्लीपुरात सगळ्यांचं मत होतं. नानाजी गुरुजींच्या घरापुढच्या छपरीत चाळीस वर्षांत कितीतरी भांडणं मिटली होती. शेताच्या धुऱ्यावरून पेटलेले भाऊ, अबोला धरलेल्या सासवा-सुना, दहावीत नापास होऊन विहिरीकाठी जाऊन बसलेली पोरं, सगळी त्या छपरीत येऊन शांत झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होऊन अठरा वर्षं उलटली, तरी रविवारी सकाळी पायरीशी दोन-चार चपलांचे जोड असायचेच. गुरुजी आधी चष्मा पुसायचे, मग बोलायला लागायचे. त्यांचं बोलून होईपर्यंत समोरचा माणूस मान डोलवत उठायच्या तयारीला लागलेला असायचा.

नातीच्या बाबतीत मात्र ते सात महिने गप्प होते. राहू दे थोडे दिवस, एवढंच म्हणायचे. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मेघा आल्यापासून संध्याकाळी कोणीतरी त्यांना विचारत होतं, "आबाजी, आज काय वाचलं?" आपल्या गप्प राहण्यामागे हे कारण आहे, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

पण गुरुवारी नागपूरहून मेघाचे सासरे सदाशिवराव यांचा फोन आला. "रविवारी चार वाजता पुन्हा करतो. सून येते का नाई, एवढंच सांगा. नाई तं मंग कागदपत्राचं पाहू." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. म्हणून धम्मदीप जास्त घाबरला. त्याने केळझरहून कमलाआत्यालाही बोलावून घेतलं.

कमलाला बोलावण्याला कारण होतं. ती गुरुजींची धाकटी बहीण, आता अडुसष्ट वर्षांची. लग्नानंतर दीड वर्षातच ती एक लोखंडी पेटी घेऊन माहेरी परत आली होती. तेव्हा नानाजी नव्यानेच मास्तर झाले होते. त्यांनी एका दुपारी तिची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः एस.टी.ने तिला केळझरला सोडून आले. तिने एकूण पंचेचाळीस वर्षं संसार केला. नवरा तानबा वनखात्यात होता, तीन वर्षांपूर्वी गेला. दोन मुलं शिकून पुण्याला लागली. ही गोष्ट गुरुजींनी कितीतरी लग्नांत, आशीर्वादाचे दोन शब्द बोलताना, सांगितली होती. मेघाच्या लग्नातही सांगितली होती.

रविवारी सकाळी सगळे छपरीत बसले. जानेवारीचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. मेघा तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती, आणि कमला काही न बोलता तिच्या शेजारी बसून तिच्याच परातीत सोले टाकत होती. मेघाची आई सरिता आत स्वयंपाकघरात होती, पण दार उघडं होतं.

"सांग आबाजीले," धम्मदीप म्हणाला. "काय त्रास हाय तुले तिथं?"

"तुमाले सांगतलं नं बाबा."

"मले सांगतलं. आता त्यांले सांग."

मेघाने हातातली शेंग खाली ठेवली. "अश्विन मारत नाई, पेत नाई. सासू-सासरे चांगले हायेत. घरात भांडण पण होत नाई. तो माह्यासंग बोलत नाई आबाजी. रागानं नाई. त्याले बोलासारखं काही वाटतच नाई. बँकेतून येते, मोबाइल पाह्यते, जेवते, झोपते. मी विचारलं तं हो नाई तं नाई. मागं मले तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी तो बोलला. म्हणे, आज भाजी काऊन फिकी हाय?"

"हे काय कारण झालं?" धम्मदीप म्हणाला. "माणूस दिवसभराचा थकून येते. मी तरी कुठं हिच्या मायसंग बोलत बसतो?"

आत कढईत चाललेला सरितेचा झारा थांबला. पुन्हा चालू व्हायला त्याला जरा वेळ लागला.

गुरुजींनी चष्मा पुसला. एरवी घरात ते सगळ्यांसारखंच बोलत, पण समजावायला बसले की त्यांची भाषा बदलायची, शाळेतली व्हायची.

"बाळा," ते म्हणाले, "माणसाचा स्वभाव घडायला तीस वर्षं लागतात, आणि आपण तो तीन वर्षांत बदलायला निघतो. दुसऱ्याला बदलणं आपल्या हातात नसतं. आपली अपेक्षा मात्र आपल्या हातात असते. बोलणं हे मायेचं एक रूप झालं. वेळेवर घरी येणं, घरात काही कमी पडू न देणं, हीही रूपंच आहेत. धम्मात खंतीला, म्हणजे सहन करण्याला, किती वरची जागा आहे ते तुला मी सांगायला नको. आज तुला जे रिकामं वाटतं, ते उद्या भरेल. तुझ्या कमलाआजीचंच उदाहरण घे."

"माह्यं उदाहरण देऊ नको दादा," कमला म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. हातातली शेंगही सोडली नव्हती.

"काऊन आत्या?" धम्मदीप गोंधळून म्हणाला. "सोन्यासारखा संसार केला तू."

"केला. वाईट काही झालं नाई माह्यं. पण दादानं सांगतलं म्हणून चांगलं झालं, असं या पोरीले नका सांगू. बाकी तुमचं तुम्ही पाहा."

मेघाने मान वर करून आजीकडे पाहिलं. गुरुजींना पुढचं वाक्य आठवेना. असं त्यांच्या बाबतीत कधी होत नसे. शेवटी सरिता दारात येऊन म्हणाली, "जेवून घ्या पह्यले," आणि बैठक उठली.

सोले-वांग्याची भाजी गुरुजींच्या विशेष आवडीची. त्या दिवशी ती त्यांना गोड लागली नाही. आधी त्यांना रागच आला. सत्तेचाळीस वर्षं गप्प बसली आणि आज पोरासमोर, नातीसमोर, हेच बरं सुचलं हिला. मग रागाखालून दुसरं काही वर यायला लागलं, आणि ते काय आहे हे नीट न कळताच ते उठून मागच्या अंगणात गेले.

कमला लिंबापाशी खाटेवर ऊन खात बसली होती.

"कमला, सगळ्यांसमोर असं बोलाचं होतं का?"

"एकट्यात कधी बसला तू माह्यासंग?"

गुरुजी खाटेच्या कडेवर टेकले.

"मी पेटी घेऊन आलती," कमला म्हणाली, "त्या दिवशी तू किती वेळ बोलला, आठवते?"

"दुपारभर."

"हाव, दुपारभर. आन् मी काय बोलली?"

गुरुजी आठवायला लागले. आपला शब्द न् शब्द त्यांना आठवत होता. कुठे थांबलो, कुठे आवाज खाली आणला, तेसुद्धा. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी आपण इतकं नीटस बोललो याचं त्यांना अजून कौतुक होतं. पण समोर बसलेली एकवीस वर्षांची कमला काय म्हणाली होती? तिचा चेहराही डोळ्यांपुढे येईना. नुसती पेटी दिसत होती.

"तू पाणी प्याले थांबला तेव्हा म्या तोंड उघडलं होतं," कमला म्हणाली. "तू म्हणाला, थांब, माह्यं होऊ दे."

"काय सांगाचं होतं तुले?"

"आता नाई आठवत. कोणी विचारलं नाई का माणूस विसरते दादा."

अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. कमलाने तिला हाकललं.

"तानबा वाईट नव्हता," ती पुढे म्हणाली. "कामापुरतं बोले. मीही मंग कामापुरतंच बोलाले लागली. तो गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या जेवणाच्या वेळी बाया विचारत होत्या, त्यांले काय आवडे ते सांगा, तेच करू. पंचेचाळीस वर्षं रांधून घातलं म्या त्याले. मले सांगता नाई आलं."

"मले आधी काऊन नाई सांगतलं हे?"

"तू लग्नालग्नात माह्यी गोष्ट सांगे. लोकं मले हात जोडत. कोणत्या लग्नात उठून सांगू?"

गुरुजी उठून छपरीत आले.

बरोबर चार वाजता फोन वाजला. धम्मदीपने तो छपरीतल्या स्टुलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"जय भीम गुरुजी. काय ठरलं मंग?"

"जय भीम सदाशिवराव. सकाळी मी बोललो तिच्यासंग. म्हणजे मीच बोललो. तिचं काही ऐकलं नाई."

"तुम्ही सांगतलं का पोरगी ऐकते, असं धम्मदीपराव म्हणत होते."

"ऐकते," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच सांगत नाई. मले यातलं समजत नाई सदाशिवराव. तुम्ही तिलेच विचारा."

धम्मदीप वडिलांकडे असा पाहत होता जणू ते चालत्या गाडीतून उतरले होते. मेघाने फोन हातात घेतला.

"बाबा, मी येत नाई. तुमचा राग नाई मले. अश्विनले म्हणा, बोलाचं असन तं त्यानं फोन करावा. तुम्ही नका करू."

फोन बंद झाल्यावर धम्मदीप उठला. "इतके वर्षं दुनियेच्या घरचं मिटवलं," तो वडिलांना म्हणाला, "आन् आपल्या घरची वेळ आली तं समजत नाई म्हणता." तो आत निघाला, तर दारात सरिता उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"उद्या मी वर्ध्याले जातो मेघासंग," ती म्हणाली. "तिच्या मैत्रिणीनं नोकरीचं सांगतलं हाय. खोली पण पाहून येतो."

"मले विचारलं का?"

"सांगून राह्यली नं."

तीस वर्षांत सरिता असं बोलल्याचं गुरुजींना आठवत नव्हतं. किंवा बोलली असेल आणि आपण ऐकलं नसेल, हेही आता त्यांच्या मनात आलं. कमला साडेपाचच्या गाडीने परत गेली. जाताना तिने मेघाच्या डोक्यावरून हात फिरवला. भावाला नुसतं "येतो" म्हणाली.

फेब्रुवारीत मेघा गेली. वर्ध्यात रक्त तपासण्याच्या एका खासगी लॅबमध्ये तिला काम मिळालं आणि सावंगीला दोन विद्यार्थिनींसोबत खोली. सरिता आठवड्यातून एकदा डबा घेऊन जायची आणि येताना उजळून यायची. धम्मदीपने तिला अडवलं नाही, पण वडिलांवरचा राग त्याने सोडला नाही. तो भांडला असता तर बरं झालं असतं. सकाळी हिंगणघाटला तहसील कचेरीत निघताना तो विचारायचा, "गोळी घेतली का?" गुरुजी म्हणायचे, "घेतली." संध्याकाळी तो टीव्हीसमोर जेवायचा. गुरुजींचं ताट त्यांच्या खोलीत जायचं.

छपरीत आधी लोक येत राहिले. एका रविवारी वाटणीवरून भांडलेले दोन भाऊ आले. गुरुजी म्हणाले, "मले नाई सांगता येणार. तुम्ही सांगा, मी ऐकतो." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. थोडा वेळ चुळबुळ करून, चहा पिऊन ते उठले, आणि पुढच्या रविवारी ते निवाड्यासाठी गावातल्याच प्रभाकररावांकडे गेल्याचं गुरुजींच्या कानावर आलं. माणसं निकाल घ्यायला येत होती. ऐकून घेणारा त्यांना नको होता. कदाचित ऐकून घेतल्यावर काय होतं हे त्यांनाही माहीत नव्हतं, जसं आपल्याला नव्हतं. पायरीशी चपला कमी होत गेल्या, आणि मार्च लागेपर्यंत रविवार इतर दिवसांसारखाच झाला.

एकदा दुपारी वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण एकच शब्द बोललो आहोत. घेतली. त्यांनी पुस्तक मिटलं. घरात सगळं जागच्या जागी होतं. पाण्याचा तांब्या भरलेला, कपडे धुऊन घडी केलेले. कोणी त्यांना उणं बोलत नव्हतं, कशाची कमी नव्हती. मेघाने सात महिने जे सांगितलं होतं ते त्यांना त्या एका दुपारी समजलं, आणि ते समजायला आपल्याला शहात्तर वर्षं लागली याची त्यांना लाज वाटली. आयुष्यभर त्यांनी माणसाच्या मनावरची पुस्तकं वाचली होती, खुणा करून ठेवल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल त्यांतलं एकही पान उपयोगी पडलं नव्हतं.

त्यांनी मेघाला फोन केला. हे सगळं तिला सांगायचं होतं. पण फोन उचलल्याबरोबर तीच बोलायला लागली आणि त्यांनी तिला बोलू दिलं. लॅबमधली गर्दी, खोलीवर करपलेला भात, सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "अश्विनचा फोन येते आबाजी. पह्यल्या वेळी दोन मिनिटं नुसता गप्प होता. मंग म्हणे, मले काय बोलावं समजत नाई. म्या म्हणलं, तेच बोल."

"आन् मंग?"

"रडला. पुढचं मले माहीत नाई. आता चार दिवसाआड करते. परवा त्यानं त्याच्या शाळेतलं सांगतलं. तीन वर्षांत पह्यल्यांदा."

गुरुजींनी स्वतःबद्दल काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला सदरा घालून बसथांब्यावर गेले. सरितेने कुठे म्हणून विचारलं तेव्हा म्हणाले, "कमलाकडं."

वर्ध्याला गाडी बदलून ते केळझरला उतरले. चतुर्थी नव्हती, त्यामुळे तिथल्या गणपतीला जाणाऱ्यांची गर्दी नव्हती. कमलाच्या घरी ते याआधी आले होते ते बारशांना, आजारपणात, तानबा गेला तेव्हा. कारणाशिवाय एकदाही नाही.

कमला अंगणात खाटेवर जुनं लुगडं पसरून कुरड्या घालत होती. भावाला पाहून तिचा सोऱ्या हातातच राहिला.

"दादा? धम्मा बरा हाय नं?"

"सगळे बरे हायेत."

"मंग काऊन आला?"

"असाच."

तिचा विश्वास बसला नाही. तिने हात धुतले, पाणी दिलं, चहा केला आणि समोर बसून भाऊ काय सांगतो याची वाट पाहू लागली. गुरुजी चहा प्यायले. बोलायला त्यांच्याजवळ काही नव्हतं, आणि तसं बसणं त्यांना फार जड गेलं. आतल्या घड्याळाची टकटक अंगणापर्यंत ऐकू येत होती. या घरात हा आवाज दिवसभर असाच ऐकू येत असणार.

"तू घाल कुरड्या," ते शेवटी म्हणाले. "मी बसतो इथं."

कमला पुन्हा कामाला लागली. एक ओळ घातली, दुसरी घातली. मधूनच मान वळवून पाहायची. तिसरी ओळ निम्मी झाल्यावर, भावाकडे न बघता, ती बोलायला लागली.

"तू मले सोडून गेल्ता न, त्या वर्षीची गोष्ट हाय. संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून स्टँडवर जाऊन उभी राहे. गाड्या येत. लोकं उतरत, एकमेकांले हाका मारत. ते बोलणं ऐकाले बरं वाटे मले. कोणी माह्याकडं पाहे नाई. एक दिवस मातर एक म्हातारी उतरली, अनोळखी. मले म्हणे, रोज दिसतं व बाई तू, कोणाले घ्याले येतं? आता काय सांगाव. म्या म्हणलं, माह्या दादाले."

सोऱ्यातून निघालेली धार थांबली.

"तं ती म्हणे, अंधार पडून राह्यला, एकटी नोको थांबू. तो येतपर्यंत मी बसतो तुह्यासंग. आन् बसली पिशवी खाली ठेवून."

कमलाने सवयीने भावाकडे पाहिलं, आता तो बोलेल म्हणून.

गुरुजींच्या ओठांवर वाक्यं आलीच होती. एक क्षमेचं होतं, एक माणसाच्या चांगुलपणाबद्दल होतं, आणि दोन्ही नेहमीसारखी नीटस होती. ती त्यांनी तशीच गिळली. कुरड्यांच्या खाटेचा पाय धरून ते जरा आणखी जवळ सरकले.

"मंग?" त्यांनी विचारलं.